कोऱ्या पानावर सर्वानुमते

आमच्या गावात इंग्रज कधी आला नव्हता, त्यामुळे तो गेल्याचंही कुणाला फारसं कळलं नाही. आमच्याकडे राज्य होतं ते खोतांचं. साऱ्या खोऱ्याची जमीन त्यांची, कुणाच्या खळ्यावर काय आलं ते बघायला त्यांचा कारभारी येणार, त्यांच्या घरी लग्न निघालं की वाडीवरची माणसं लाकडं फोडायला जाणार. मग सरकारनं कायदा केला आणि खोती काढली. खोती गेली, पण खोत कुठं जाणार? ते आपल्या ओटीवर, त्याच झोपाळ्यावर, तसेच बसून राहिले. कुणी भेटायला गेलं की म्हणायचे, "आता तुम्हीच राजे रे बाबांनो!" आणि राजे अंगणात उकिडवे बसून माना डोलवायचे. मी त्या गावात सून म्हणून आले तेव्हा स्वराज्य येऊन बरीच वर्षं झाली होती म्हणे. असेलही. मी नवी होते, मला तर पाणवठ्याची वाटही अजून नीट दिसत नव्हती.

माझं माहेर घाटावर, कोरेगावच्या बाजूला. सहावीत असताना आई गेली, धाकटी दोन भावंडं माझ्या कडेवर आली आणि शाळा तिथंच सुटली. पुढं वडिलांनी स्थळ काढलं: मुलगा मुंबईला गिरणीत, घर पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या वाटेवरच्या एका वाडीत. लग्नानंतर एसटी महाबळेश्वरावरून घाट उतरायला लागली तशी मी ओकायला लागले, ती पोलादपूर येईपर्यंत ओकत होते. नवरा शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होता. पंधरा दिवसांनी तो मुंबईला गेला आणि मी त्याच्या आईवडिलांबरोबर त्या डोंगरात राहिले. माहेरी ज्वारीची भाकरी थापणारे माझे हात. इथल्या नाचणीच्या पिठाला माझी काही ओळखच पटेना. भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपाशी बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे गो. पोटात जाऊन मोडायचीच हाय, तू आधीच मोडतेस." सुकटीचा वास मला सोसायचा नाही. कुळथाच्या पिठीवर मात्र मी जीव टाकला. दुपारी कौलांवरून वानरं धावायची, आणि ती गेली की दूर घाटात चढणीला लागलेल्या एसटीचा आवाज यायचा. तो ऐकला की मी हातातलं काम टाकून ओटीवर येऊन उभी राहायची, कारण ती गाडी माझ्या माहेराकडं जात होती आणि मी तिच्यात नव्हते.

त्या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माहेरावरून बोलणं ऐकवलं नाही. हे मी आजही उपकारासारखं लिहिते, आणि माझी नात ते वाचून कपाळाला हात लावते. पण तेव्हा मला रोज वाटायचं, आज ना उद्या ही माणसं मला परत पाठवतील. म्हणून मी कुणी काही सांगायच्या आत करायची. हंडा कुणी उचल म्हणायच्या आत माझ्या डोक्यावर असायचा. कुणी 'हो' म्हण म्हणायच्या आत मी 'हो' म्हटलेलं असायचं. असा माणूस पंचायतीत किती उपयोगी पडतो, ते खोतांनी माझ्याआधी ओळखलं.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा कागद तालुक्याहून आला तेव्हा सारी गावकी देवीच्या देवळात जमली. निवडणूक म्हणजे फूट, फूट म्हणजे देवीचा कोप, म्हणून एकमतानं माणसं निवडायची आणि कौल देवीकडं मागायचा, असं ठरलं. गुरवानं देवीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "खोतांना सरपंच करायचं का? हो असंल तर उजवी दे." दुसरं नाव कुणी विचारलंच नाही, त्यामुळे देवीचीही पंचाईतच होती. गुरव खोतांच्या जागेत राहत होता. आणि देवीचं तरी काय, तीही खोतांनी बांधलेल्या देवळातच राहत होती. अर्ध्या तासानं उजवी पाकळी पडली. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि गूळखोबरं वाटलं गेलं. आमच्या गावची पहिली निवडणूक ती अशी झाली. मतदार एकच होता, आणि तो दगडाचा होता.

कारभाऱ्यासकट आणखी चार मेंबर खोतांनीच सांगितले. उरल्या दोन बायका. पंचायतीत दोन बायका पाहिजेत असा कायदाच होता, आणि कायदा केला त्यांनी आमचं गाव पाहिलेलं नव्हतं. एक जागा खोतीणबाईंना गेली. दुसरीसाठी सही करता येणारी बाई शोधायला लागली, तर साऱ्या गावात एकच सापडली. मामंजी, म्हणजे माझे सासरे, हात जोडून खोतांना म्हणाले, "पोर लहान हाय, साहेब. एकवीस पुरी लागतात ना?"

"मग पुरी कर," खोत म्हणाले.

सेक्रेटरीनं वहीत लिहिलं, आणि मी त्या दुपारी तीन वर्षांनी मोठी झाले. मोठं होणं इतकं सोपं असतं हे मला पुढं कधीच अनुभवायला मिळालं नाही. नवऱ्याचं मुंबईहून पत्र आलं: 'तू मेंबर झाल्याचे कळले. खोलीतल्या लोकांनी मला सर्वांना चहा पाजायला लावले. आता जादा बोलू नको, सांभाळून राहा.' मी बोलतच नव्हते, तेव्हा पहिल्या दिवसापासून मी चांगली मेंबर होते.

आता सेक्रेटरीविषयी सांगायला हवं. कदम त्यांचं नाव. पोलादपुरात भाड्याच्या एका खोलीत बायको आणि तीन मुलं घेऊन राहायचे, आणि चार गावांच्या पंचायतींची दप्तरं एका पिशवीत घालून डोंगर तुडवायचे. वाईट माणूस नव्हता. घाबरट होता, आणि मी स्वतः तशीच असल्यामुळे मला तो आवडायचा. दर महिन्याला पंचायतीची सभा भरलीच पाहिजे, ठराव झालेच पाहिजेत, वही तालुक्याला दाखवलीच पाहिजे असा नियम. पण मेंबर सात, आणि ते चारी दिशांना विखुरलेले. कुणी गुरांमागं, कुणी रानात, पावसात तर ओढ्यापलीकडचा माणूस चार दिवस दिसायचा नाही. तेव्हा कदमांनी एक पद्धत बसवली होती. ते ठरावाची वही घेऊन घरोघर फिरायचे. पान वरून कोरं सोडलेलं असायचं, आणि खाली सह्या. आधी सह्या, मग पोलादपुरात आपल्या खोलीवर जाऊन ते वर सुंदर अक्षरात ठराव लिहायचे: 'वाचून दाखविण्यात येऊन सर्वानुमते मंजूर.' म्हणजे सभा कदमांच्या खोलीत, स्टोव्हच्या आवाजात भरायची. हजर ते एकटेच. मत त्यांच्यापर्यंत खोतांच्या ओटीवरून आलेलं असायचं. आम्ही बाकीचे मात्र एकमतानं मंजुरी देऊन कधीचे भाताच्या खाचरात उतरलेले असायचो.

माझं घर सगळ्यांत वर, त्यामुळे माझी सही शेवटची. माझ्या आधी दोन सह्या असायच्या, खोतांची आणि त्यांच्या कारभाऱ्याची. बाकीचे चार अंगठे, त्यात खोतीणबाईंचाही. कदम आमच्याकडं जेवायचे आणि आत्याबाईंना म्हणायचे, "तुमच्या सुनेचं अक्षर चांगलं आहे हो. सगळ्या वहीत तेवढंच शोभून दिसतं." मला इतकं बरं वाटायचं! सहावीतून उठवलेल्या मुलीचं अक्षर सरकारच्या वहीत. सही करून झाली की मी पानावर फुंकर घालायची. दोन वर्षं मी अशा फुंकरी घातल्या, मधे मला मुलगी झाली तेव्हाही त्या चुकल्या नाहीत. वर काय लिहिलं जातं ते विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. मनात कशाला येईल? माझं नाव होतं ना तिथं.

माझी नात महाडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. गुलामीतून सुटलेल्या देशांत लोकशाही कुठं रुजली, कुठं करपली, का करपली, यावर ती मोठमोठे निबंध वाचते आणि मधूनच मला वाचून दाखवते. तिकडच्या कुठल्या कुठल्या देशांत राज्यघटना होती, निवडणूक होती, शिक्के होते, आणि तरी सगळं एकाच माणसाच्या मुठीत होतं, म्हणून त्या लेखकांना फार आश्चर्य वाटतं. मला त्या लेखकांचंच आश्चर्य वाटतं. एकदा कदमांबरोबर पिशवी घेऊन चार वाड्या चढले असते तर त्यांची पुष्कळ पानं वाचली असती.

तर त्या वर्षी चैत्र सरला आणि आमच्या वाडीचं पाणी आटलं. दर वर्षीच आटायचं. मग बायका खालच्या डोहावर जायच्या. उतरायला सोपं, चढायला जीव घेणारं. डोक्यावर दोन हंडे, पायाखाली निसरडी खडी, आणि वर आलं की निम्मा हंडा अंगावर सांडलेला. आत्याबाईंचा त्या वाटेवर एकदा पाय मोडला होता, तो वाकडाच जुळला होता. एके दिवशी खालून येताना आम्हाला खोतांच्या बागेत चुन्यानं आखलेला मोठा गोल दिसला. शेजारच्या धोंडूमामाची बायको सावित्रीमामी पुढं होती, तिनं गड्याला विचारलं, "काय रे, रिंगण कसलं?"

"विहिरीचं. सरकारी विहीर मंजूर झाली ना गावाला!"

"गावाला? मग खोताच्या बागंत कशाला?"

"मला काय विचारता? पंचायतीनं ठरवलंय."

डोक्यावर हंडे असल्यामुळे बायकांना मान वळवता येत नव्हती, म्हणून त्या हंड्यांसकट अख्ख्या वळल्या आणि माझ्याकडं बघायला लागल्या. तशा बारा बायका. सावित्रीमामी हळूच म्हणाली, "इंदू गो, तू पंचायतीत हायेस ना? तुला वाचाया येतं ना गो?"

मला वाटलं होतं मला परत माहेरी पाठवतील. आता वाटलं, पाठवतील तर बरं. पुढं कदम आले तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वही मागितली. त्यांनी पान काढून दिलं. तिथं लिहिलं होतं की गावास मिळालेली एकमेव सार्वजनिक विहीर श्री. खोत यांच्या बागेत खोदावी, कारण ती जागा सर्व ग्रामस्थांस सोयीची आहे. सर्वानुमते. आणि खाली सगळ्या वहीत शोभून दिसणारं माझं अक्षर.

"आम्ही कधी ठरवलं हो हे?"

"वहिनी, तुमची सही आहे," कदम म्हणाले, आणि लगेच त्यांनी मान खाली घातली. "ओव्हरसिअरनं ठराव परत पाठवलाय. जमिनीचा नंबर घालायचा राहिला होता. नवा ठराव करायला लागणार." त्यांनी दुसरं पान उघडलं. कोरं. खाली दोन सह्या आणि चार अंगठे, आणि माझ्यासाठी सोडलेली जागा. "जेवण झाल्यावर करा सही. घाई नाही."

आत्याबाईंनी त्या दिवशी फणसाच्या आठळ्या घालून कुळथाचं कळण केलं होतं. कदम पोटभर जेवले, ओटीवर पिशवी उशाला घ्यायच्याऐवजी बाजूला ठेवून कलंडले, आणि घोरायला लागले. मामंजी बैलांकडं गेलेले. मी वही आणि पेन घेऊन माजघराच्या उंबऱ्यावर बसले. सही करायला बसले होते, देवीशपथ. पण ते पान इतकं मोकळं होतं! खाली सहाजणांनी आधीच मान्य करून टाकलेलं, फक्त काय मान्य केलं तेवढं लिहायचं राहिलेलं. मी आधीच्या ठरावाचं पान समोर धरलं आणि त्याच भाषेत, 'वाचून दाखविण्यात येऊन'सकट, लिहायला लागले: सार्वजनिक विहीर वरच्या वाडीत, मारुतीच्या पाराजवळच्या सपाट जागेत खोदावी. सर्वानुमते मंजूर. घाईघाईत मी 'मंजूर'वर रफारही दिला, मग आठवलं की मंजूरला रफार नसतोच, आणि तो खोडला.

आत्याबाई चुलीपाशी बसून बघत होत्या. "काय लिवतेस गो?"

"सही."

"येवडी मोठी?"

कदम उठले, चूळ भरली, पान बघितलं, आणि मटकन खाली बसले. "वहिनी, हे काय केलंत? माझी नोकरी जाईल हो! तीन पोरं आहेत मला!" पान फाडता येत नव्हतं, वहीची पानं तालुक्याला नंबर घालून शिक्का मारलेली होती. मग एकदम त्यांच्या तोंडावर हसू फुटलं, घाबरलेल्या माणसाला फुटतं तसं. "पण काय करतील? सह्या त्यांच्याच आहेत," ते म्हणाले, आणि पिशवी उचलून डोंगर उतरले.

दोन दिवस मला घास गेला नाही. मामंजी कसत होते ती जमीन कायद्यानं त्यांची होणार होती; पण कायदा पोलादपुरात राहायचा, आणि खोत हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या दिवशी मामंजी खालून आले ते चक्रावलेले. खोत रागावले नव्हते. हसले होते. म्हणाले होते, "सून हुशार आहे रे तुझी. आमचा अंगठा धरून आम्हालाच लिहायला शिकवलं. ठीक आहे, पाराजवळ खणू. उद्याच सुरू करायला सांगतो." मी आनंदानं रडायला लागले. साऱ्या वाडीला सांगत सुटले. विहीर येणार, पाराजवळ येणार, दारात पाणी येणार! आत्याबाईंनी ऐकलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाराजवल? कुनी सांगितलं पाराजवल?"

"मीच लिहिलं. जागा सपाट आहे, सगळ्यांना जवळ."

"अगो बाय माझे! तिथं कातळ हाय. सपाट कशापायी हाय मग? पानी हाय उंबराखाली, वगळीत, पावसाचा लोट जातो तिथं. शेरडंसुद्दा वैशाखात तिथं जाऊन बसतात." मग त्या माझ्याकडं बघून अगदी हळू म्हणाल्या, "मी चुलीपाशीच व्हते. इचारायला काय झालं व्हतं गो?"

तेव्हा कळलं खोत का हसले. पाराजवळ खणतील, कातळ लागेल, विहीर कोरडी. सरकारी वहीत विहीर झाली म्हणून नोंद, पुढं दहा वर्षं दुसरी नाही. आणि गावाला दाखवायला एक मोठं भोक: बघा, बायकांनी कारभार केला. मी दोन वर्षं ज्या गोष्टीवर फुंकर घातली होती, तीच मी स्वतःच्या हातानं केली होती. सातजणांच्या वतीनं एकटीनं, कुणालाही न विचारता, सर्वानुमते. खोतांत आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना पाणी कुठं आहे ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेले. एकटी जायचा धीर नव्हता. आत्याबाई वाकड्या पायानं बरोबर आल्या, सावित्रीमामी आली, मग एकेक करत साऱ्या वाडीच्या बायका आणि मागून लांब अंतर ठेवून बापये. कदमांना बोलावणं गेलं. खोतांच्या ओटीवर, आमच्या पंचायतीची पहिली खरीखुरी सभा भरली. खोतीणबाईंना कुणी बोलावलं नाही, त्या आत स्वयंपाकघरात होत्या; बाकी आम्ही सहाजण. मी उभी राहून म्हटलं, ठराव बदलायचा आहे, विहीर उंबराखाली हवी.

खोत झोपाळ्यावरून म्हणाले, "कसा बदलणार? सर्वानुमते झालेला ठराव आहे. आम्ही सगळ्यांनी वाचून, समजून सह्या केल्यात. काय हो कदम?"

कदमांनी घाम पुसला.

"आणि शंकाच असेल तर देवीला कौल लावू," खोत म्हणाले. "गुरव इथंच आहे."

अंगणातून आत्याबाईंचा आवाज आला. "देवीला पानी कुटं हाय ते म्हायत असंल, साहेब. पन हंडा ती उचलत नाय."

बायका हसल्या. खोत हसले नाहीत. मला आता एकच वाट होती. मी म्हटलं, "तो ठराव खोटा आहे. मी लिहिला. सह्या कोऱ्या पानावर होत्या." माझ्या मनात तुरुंग होता. महाडचा की अलिबागचा, एवढाच विचार करत होते.

मग धोंडूमामा खाकरले. गुरं राखणारा माणूस, दोन वर्षांत पंचायतीत एक शब्द बोलला नव्हता. "माजाबी आंगठा कोऱ्यावरच व्हता. नेमीच आसतो. मला वाटलं तशीच रीत हाय."

"माझा पण," मधल्या आळीचा एकजण म्हणाला.

"मला तर कदमांनी रानात गाठलं," दुसरा म्हणाला. "आंगठ्याला शाई लावली नि म्हनले, दाब. मी इचारलं कशावर, तर म्हनले, ते ठरायचं हाय."

अंगणात असा हशा उठला की वानरं झाडावरून पळाली. खोतांनी झोपाळा थांबवला. हसण्यापुढं त्यांचं काही चालत नसे. रडणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती. कदम, देव त्यांचं भलं करो, उभे राहिले आणि म्हणाले, "मग हात वर करून घेऊ या. उंबराखाली कोण?" मी हात वर केला. धोंडूमामांनी केला. मधल्या आळीच्या एकानं केला. दुसऱ्यानं हात कानापर्यंत नेला आणि तिथंच ठेवला, कान खाजवत असल्यासारखा. मामंजी, जे आयुष्यभर या अंगणात उकिडवे बसले होते, ते उभे राहून ओरडले, "वर कर रे, नायतर खाली घे! मधी कुटं लटकतोस?" हात वर गेला. चार विरुद्ध दोन. सर्वानुमते नाही. कदमांनी तसंच लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि मग खाली सह्या घेतल्या.

उंबराखाली पाणी लागलं, पावसाच्या आधी. पण मी कबुली दिली होती ती अंगणभर माणसांपुढं, आणि खोतांना पत्र लिहिता येत होतं. श्रावणात तालुक्याहून साहेब आला. सरकारी वहीत बनावट मजकूर लिहिल्याबद्दल खटला होऊ शकतो. पण वय लहान, शिक्षण कमी, तेव्हा राजीनामा द्यावा, म्हणजे मिटलं. कोऱ्या पानावर दोन वर्षं सह्या घेतल्या त्याचं काय, असं मामंजींनी विचारलं. साहेब म्हणाला, ते तपासावर आहे. माझ्या माहितीप्रमाणे ते अजून तपासावरच आहे. राजीनामा त्यानं टाईप करून आणला होता. मी तो उभ्यानंच, पहिल्या अक्षरापासून वाचला. साहेबाचा चहा निवला. त्यात लिहिलं होतं, मी स्वखुशीने राजीनामा देत आहे. मी 'स्वखुशीने' तेवढं खोडलं आणि सही केली. त्यानंतर खोत पुन्हा दोनदा सरपंच झाले. मात्र मतं मागायला वाडीपर्यंत चढून आले, आणि दोन्ही वेळा त्यांना धाप लागली होती.

माझ्या रिकाम्या जागेवर बाई हवी होती. सही येणारी आता गावात कुणी उरली नव्हती, आणि खोतांनाही तशी नकोच होती. त्यांनी सुचवलं, म्हातारी घ्या, अंगठेवाली, कटकट नको. म्हणून आत्याबाई मेंबर झाल्या.

पुढल्या महिन्यात कदम वही घेऊन आले. पान लिहिलेलं होतं. त्यांनी आत्याबाईंच्या अंगठ्याला शाई लावली आणि पान पुढं सरकवलं. मी माझ्या पोरीला मांडीवर घेऊन दारात बसले होते. त्या वेळी ती वर्षाची असेल. आत्याबाईंनी शाईचा अंगठा वर, हवेत धरला.

"वाच."

कदमांनी वाचलं. शाळेच्या कौलांचा काही ठराव होता. वाचून त्यांनी पुन्हा पान पुढं केलं. आत्याबाईंचा अंगठा जिथल्या तिथं. त्यांनी शेजारच्या घराकडं हाक मारली, "सावित्री, ये गो हिकडं! तूबी आईक." सावित्रीमामी ओल्या हातानं आली. अजून दोघी आल्या. कदम म्हणाले, "आजी, शाई वाळेल हो."

"परत लाव," आत्याबाई म्हणाल्या. "आता पयल्यापासून वाच. सावकाश."